चुकीची उत्तरं

बरोबर उत्तरं एतेरीबाई लिहायच्या.
तीस वर्षं भूगोल शिकवलेला हात,
एका शब्दात विषय मिटवायचा.
उरलेली तीन माझ्याकडे.

कुटाइसीत, बूट शिवणाऱ्याच्या दुकानावरची खोली.
दोन टेबलं; तिसरं म्हणजे इस्त्रीची फळी.
बाद्री दिवसा हॉटेलांची बिलयंत्रं दुरुस्त करायचा,
रात्री आमचा खेळ बांधायचा.
हीटर लावला की त्याचा संगणक मान टाकायचा,
म्हणून आम्ही ठरवून गारठायचो:
सात ते नऊ ऊब,
नऊनंतर काम.

चुकीचं उत्तर लिहिणं सोपं नसतं.
उघड खोटं असलं तर पोरं हसतात,
फारच खरं वाटलं तर भांडतात.
ते शेजारच्या घरासारखं हवं,
तसंच दार, तसाच जिना,
फक्त आत आपलं कोणी नाही.

काळ्या समुद्राला मिळणारी नदी कोणती?
रिओनी. ही तर आमच्या पुलाखालूनच जाते.
मग मी खाली लिहिलं: मत्कवारी, अलाझानी, ख्रामी.
आणि त्या रात्री झोप येईना.
अलाझानीनं काय केलं होतं माझं,
की तिच्यापुढे लाल फुली यावी?

बाद्रीला म्हटलं, प्रत्येक फुलीखाली
दोन ओळींची जागा दे.
म्हणाला, जागा देतो, वाचणार कोण?
चुकलं की पोरं पुढे पळतात.
तरी दिली त्यानं.
मी लिहिलं:
अलाझानी इकडे येत नाही.
ती द्राक्षमळ्यांच्या कडेनं पूर्वेकडे जाते
आणि दुसऱ्या नदीत आपलं नाव सोडून देते.

अकराशे प्रश्न. तेहेतीसशे फुल्या.
तेहेतीसशे वेळा
कोणाची तरी बाजू मांडली मी.

मार्चमध्ये ओनीच्या शाळेत गेलो.
छपरावरून बर्फ घसरत होतं,
मागून आणलेल्या नऊ टॅब्लेट, दोन तडकलेल्या.
मुलांनी धडाधड चांदण्या मिळवल्या,
कोणी ओरडलं, कोणी कोपर मारलं,
आणि कडेच्या बाकावर पिक्रिया,
चौथ्याच प्रश्नावर, शून्य चांदण्या.

एतेरीबाई वाकल्या.
बाळ, हे येत नाही का तुला?
येतं की.
मग?
बरोबर दाबलं की नुसती चांदणी येते.
चुकीचं दाबलं की
काहीतरी सांगतात.

परतीच्या मिनीबसमध्ये कोणी बोललं नाही.
वळणावर बाद्री म्हणाला, हा दोष आहे,
गुणांचा हिशेबच कोलमडतो, दुरुस्त करू.
एतेरीबाई खिडकीची वाफ पुसत म्हणाल्या,
राहू दे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची उत्तरं परत मागवली.
रिओनीखाली आठ ओळी लिहिल्या,
त्यांत त्यांच्या थोरल्या भावाचं पोहणंही होतं.
बाद्रीनं सहा कापल्या.
भाऊ वाचला.
मला जरा हेवा वाटला, खरं सांगते.

जूनमध्ये खेळ बाहेर पडला.
पहिल्या महिन्यात एकेचाळीस विकले गेले,
त्यातले सहा खालच्या बूटवाल्याच्या
सालोनिकातल्या नातेवाइकांनी घेतले,
त्यांची पोरं ग्रीकमध्ये भांडतात म्हणून.
पैशांतून हीटरचं बिल निघालं. जवळजवळ.
बाद्रीला बँकेत नोकरी लागली,
आता तो फक्त गुरुवारी येतो,
इस्त्री केलेला सदरा घालून, फळीवर बसतो.

परवा ओनीहून निरोप आला,
मोठ्या अक्षरांत, नमस्कार न घालता:
ख्रामीच्या फुलीखाली तुम्ही लिहिलंय
की ती उन्हाळ्यात आटते.
आटत नाही. वर धरणात अडवतात तिला.
माझे मामा तिथं रखवालदार आहेत,
विचारा.

चुकीच्या उत्तरात चूक!
मी दोनदा वाचलं, मोठ्यानं वाचलं.
एतेरीबाई इतक्या हसल्या
की चष्मा चहात पडला.

नऊ वाजले होते.
हीटर बंद केला
आणि मामांना फोन लावला.