शेरा

मी त्या गावात कधी गेले नाही.
उत्तरेला बसने आठ तास, म्हणतात,
एक धक्का, सतरा धुराडी,
आणि शाळेच्या गच्चीवर एक पेटी
जी रात्रंदिवस नुसता श्वास आत घेते.

माझ्याकडे येतो तो कागद.
बिस्किटाएवढा, गोल.
जाताना तोलून देते, परतला की पुन्हा तोलते.
वजाबाकी म्हणजे त्या गावाची हवा.
एवढंच काम : चिमटा, काचेची तबकडी,
आणि दम धरून बसणं,
कारण माझा उच्छ्वासही काट्याला कळतो.

एप्रिलचा कागद तेलकट, तपकिरी :
अँचोव्ही आली, कारखान्यांत माशाचं पीठ शिजू लागलं.
जूनमध्ये आभाळ सायीसारखं गावावर धरतं,
धूर जाणार कुठे,
गावातच मुक्कामाला.
ऑगस्टात बोटी बांधलेल्या. कागद राखाडी, मिठाचा.
मीठ हट्टी, पाणी सोडत नाही,
एक दिवस जास्त वाळवावं लागतं.
ऑक्टोबरात वरच्या खोऱ्यात उसाचं पाचट पेटवतात,
कागदावर काळे तंतू,
भुवईचे केस गळावेत तसे.
मला कॅलेंडर लागत नाही.

पाकिटावर तारीख, वेळ, आणि सगळ्यात शेवटी : शेरा.
बाकीच्या गावांचे लोक लिहितात, काही नाही.
ओतिलिया मेंदिएता, शाळेची शिपाईण,
पेन्सिलीने लिहिते :
‘रात्री वास फार. एलदेर बसून झोपला.’
‘पडदे धुतले. उगाच धुतले.’
‘नवऱ्याचा पगार झाला. वास आहे.’
‘वारा डोंगराकडून. एलदेर धावला.’

एकदा कागदाच्या मधोमध अंगठा उमटलेला आला.
शेरा : ‘इस्पितळातून थेट गच्चीवर गेले. माफ करा.’
नियमाप्रमाणे मी ‘अवैध’ शिक्का मारला.
तो कागद टाकायचा असतो.
माझ्या खणात आहे.

मग ते वर्ष, समुद्र तापला, मासा खोल गेला.
एप्रिल पांढरा.
मे पांढरा.
वाटलं, पेटी सुरूच केली नसेल. तीनदा तोलला.
साहेबांनी आलेख मोठा करून भिंतीवर लावला,
खाली लिहिलं : सुधारणा.

‘एलदेर पूर्ण सामना खेळला.’
‘धुराड्यावर पक्षी बसलेत.’
‘तांदूळ उधारीवर.’
‘आमच्या गल्लीत पाच घरांना कुलूप.’
‘नवरा दारात बसतो, नाकपुड्या फुगवून
समुद्राकडे हुंगत असतो.’

सप्टेंबरात शेरा जागेत मावला नव्हता,
पाकिटाच्या मागे वळला होता :
‘एलदेर लिमाला गेला, गॅरेजात कामाला.
तिथली हवा कशी आहे?’

बावीस वर्षं हवा तोलतेय,
मला हे कुणी विचारलं नव्हतं.
खिडकीबाहेर ते आभाळ, ज्याला आम्ही गाढवाचं पोट म्हणतो,
खाली मिनीबसच्या रांगा.
आकडे होते माझ्याकडे, तासातासाचे.
पण पाकिटावर उत्तराचा रकाना नसतो.
नवे कोरे कागद भरताना
कडेला पेन्सिलीने लिहिलं : ‘रात्री बरी असते.’
खोटं नव्हतं.
पुरतं खरंही नव्हतं.

नोव्हेंबरात पाकीट फोडण्याआधीच कळलं.
टपालवाल्याने ते दोन बोटांत लांब धरलं होतं.
कागद दाट तपकिरी, चिमट्याला चिकटणारा,
कधी नव्हे इतका जड असावा.
शेऱ्यात एकच शब्द :
‘आला.’

वास, मासा, की मुलगा,
ते लिहिलेलं नाही.

कागद कोरड्या खोलीत ठेवलाय.
उद्या तोलीन.