डाव्या चपलेची कड

सगळ्यात आधी ओळखलं ते
काळाचौकीच्या नाक्यावरच्या गटईवाल्या सोनावण्यांनी.
चप्पल उलटी करून म्हणाले, वहिनी,
पोर पाय वाकडा टाकतंय.
डावीची बाहेरची कड बघा, कागद झालीय.
आतली कोरी, कालच घेतल्यासारखी.

तोवर चार महिन्यांत
सिरप झालं, कोमट तेल झालं, दृष्ट काढून झाली,
वाढीचं दुखणं आहे हे सहा घरांनी सांगून झालं.
पीटीच्या बाई म्हणाल्या, नाटकं.
निहाल सहा वर्षांचा. नाटकं त्याला येतात.
पण अर्ध्या झोपेत उठून
मोरीकडे लंगडत जाणारं पोर
कुणासाठी नाटक करतं?

हे मला त्याच्या आईने, सुगंधाने सांगितलं,
मी प्लॅस्टरची पट्टी पाण्यात बुडवली तेव्हा.
सव्वीस वर्षं आहे मी परळच्या या खोलीत.
बुडबुडे थांबले की पट्टी तयार,
आणि ते थांबेपर्यंत आया बोलतात.

डॉक्टर बोरवणकर नवीनच.
त्यांनी आधी पाय बघितलाच नाही.
म्हणाल्या, चपला काढ, त्या कूलरपर्यंत जा, ये.
पुन्हा जा.
मग एक बोट टाचेपासून सरकवत
पायाच्या आतल्या अंगाला, कमानीच्या माथ्यावर थांबल्या.
निहालने श्वास ओढला.
तेवढंच. एका बोटापुरतं दुखणं.

फोटो दोन्ही पायांचे काढले.
उजव्यात एक हाड, शेंगदाण्याएवढं, निवांत.
डाव्यात तेच,
उभ्या धरलेल्या नाण्यासारखं चपटं, पांढरंफटक.
ताप नव्हता, रक्ताचा रिपोर्ट साफ,
आणि आईच्या तोंडून निघत नव्हता तो शब्द
बाईंनी तिने न विचारताच खोडून टाकला.
हाडाला रक्त कमी पडलंय, म्हणाल्या.
पायातलं हे सगळ्यात उशिरा पिकणारं हाड,
आणि कमानीचा भार मात्र याच्यावर.

नाव काय त्याचं? निहाल म्हणाला.
होडीचं हाड, मी म्हटलं. आकार तसा, म्हणून.
बुडली?

पोरगा शिवडीचा, बाप गोदीत वेल्डर.
मी विचारलं, ओहोटीला तुमच्याकडे
चिखलात होड्या कलंडून असतात, त्या बुडलेल्या का?
नाही. टेकलेल्या.
मग झालं तर.
सहा आठवडे टेकू दे हिला.

गरम होतंय, म्हणाला.
होऊ दे. सुकताना होतं.

माझा धाकटा भाऊ वसंता
असाच चालायचा, पायाच्या कडेवर.
लंगडतोस म्हणून बापाने दोन ठेवून दिल्या होत्या.
पुढे आपोआप बरा झाला.
बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या,
हे होतंच बरं, वर्ष-दोन वर्षांत, प्लॅस्टर घाला न घाला.
प्लॅस्टरने फक्त दुखणं लवकर थांबतं.

फक्त.
तो शब्द त्या रात्री मी घरी घेऊन गेलो.
वसंताला फोन लावला.
पायाचं काही बोललो नाही.

सातव्या आठवड्यात करवत काढली.
पोरं करवतीला भितात,
म्हणून आधी माझ्या तळव्यावर टेकवून दाखवतो,
बघ, कापत नाही, नुसती थरथरते.
आतून पाय निघाला बारीक, खवलेदार,
दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.
निहालने तो फरशीवर ठेवला.
अख्खा.

आई केसपेपर गोळा करत होती.
तो कूलरपर्यंत गेला, परत आला.
कुणी सांगितलं नव्हतं.
पुन्हा गेला.