जरा…

आमच्याकडे आठच खुर्च्या.
हिनोकीची एक सलग फळी, तिच्यामागे नवरा,
त्याच्यामागे सुऱ्या.
मी दाराशी, फोनपाशी.

एक तारखेला सकाळी नऊला
पुढच्या महिन्याची वही उघडते
आणि नऊ बावीसला मिटते.
उरलेला दिवस मी नकार देत बसते.
‘नाही’ असं म्हणत नाही अर्थात,
कानाझावात तसं कुणी म्हणत नाही.
“जरा…” म्हणायचं
आणि पुढचं वाक्य गिळायचं.
समोरचा समजतो.

तोक्योच्या हॉटेलातली मुलगी,
पाहुणा रोज नवा, आवाज तोच गोड.
एक दंतवैद्य, दर खेपेला सांगतो
मागची रात्र किती अविस्मरणीय होती.
तो कधीच आलेला नाही.
सिंगापूरहून एकजण म्हणाला, दुप्पट देतो.
म्हटलं, खुर्ची दुप्पट होत नाही.

आणि कुरामोची.
नोतोच्या किनाऱ्याने बस चालवायचे, आता निवृत्त.
फोन करायचे सव्वादहाला,
गर्दी ओसरल्यावर,
जणू हे भाजीचं दुकान.
“दोन माणसं. कधीही चालेल.”
“जरा…”
“हो का. मग पुढच्या महिन्यात.”
आणि ठेवता ठेवता सांगायचे
समुद्रावरून वारा कसा येतोय ते.

तीन वर्षं.
नऊला करा, असं मी एकदाही सुचवलं नाही.
नियम सगळ्यांना सारखा, म्हणायचे मनाशी.
खरं म्हणजे
सव्वादहाची सवय मला लागली होती.

नोव्हेंबरात म्हणाले, “एक माणूस.”
मी काही विचारलं नाही.
वहीत एक रेघ ओढली, कारण नसताना.

परवा बर्फाने गाड्या थांबल्या.
ओसाकाचा पाहुणा वाटेत अडकला.
दुपारी चारला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा,
मी आपणहून कुणाला तरी फोन लावला.
“कुरामोची सान, आज एक जागा आहे. सहा वाजता.”

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज.
मग बराच वेळ तोही नाही.
“आज,” ते म्हणाले, “जरा…”

मी समजले. तरी फोन धरून राहिले,
एवढी वर्षं ते राहायचे तशी.

“भात टाकलाय हो मी.”

काय आहे बरोबर, विचारलं.
सांगितलं त्यांनी, न लाजता.
मग म्हणाले, “पुढच्या महिन्यात करतो.”
नऊला करा, म्हणणार होते.
“करा,” म्हटलं.

आतून नवऱ्याने विचारलं, आठवी?
खेकडे सोलून झाले होते त्याचे,
आठ वाटे, ओल्या फडक्याखाली.
भरली, म्हटलं.

वहीत त्यांचं नाव लिहिलं.
खाली, पाहुण्यांची पथ्यं लिहितो त्या रकान्यात:
मुळ्याचं लोणचं,
बांगड्याचा तुकडा, कालचा.