थांबा क्रमांक चार

शनिवारी सकाळी साडेसातला मी पिवळी छत्री उघडते.
आकाश कोरडं असतं.
छत्री, लोकांनी मला हरवू नये म्हणून.
वीस माणसं, वीस टोप्या,
आणि माझ्या हातात कलावारसा वाटेचा कागद:
कुठे किती मिनिटं, कुठे थोडं हसायचं.

सुंदरनारायणाच्या पायरीपासून निघतो.
दगडातली वेल दाखवते, मग सराफ बाजार,
चांदीच्या निरांजनाला पाय लावणारा एक म्हातारा,
मग तिवंध्याचा चढ. चढावर कुणीतरी विचारतंच,
"ताई, चहा कितव्या थांब्याला?"

चौथा थांबा तांबट आळी. अकरा मिनिटं.

वडनेरेमामा ऐरणीशी बसलेले असतात
इस्त्रीच्या सदऱ्यात. कामाचा वेगळा, हा शनिवारचा.
पुढ्यात समितीनं विकत घेतलेलं घंगाळ,
बुडाला पांढऱ्या रंगात आकडा: सतरा.
ते दसऱ्यालाच पुरं झालं होतं.
तरी दर शनिवारी मामा ते पुन्हा मठारतात
आणि मी सांगते, बघा, ठोक्याशेजारी ठोका,
कणसावर दाणे भरावेत तसा.
माझं बोलणं मामांना ऐकू जात नाही.
हातोडीनं कान कधीच नेले.
ते ठोका मनगटानं ऐकतात.

टाळ्या होतात. मग लोक दुकानातून
मुरादाबादच्या बाटल्या घेतात,
मशीनचा मठार, झाकणाला रबर.
मामांचा मुलगा त्या कागदात गुंडाळून देतो.
घर त्यावर चालतं.
हे माझ्या कागदावर नाही.

पौषात पहिल्यांदा जाणवलं,
घंगाळाचा आवाज वर चढलाय.
आधी तो पोटातून यायचा, आता दातांतून.
मी मामांच्या पाटीवर लिहिलं: पातळ झालंय.
त्यांनी वाचलं, पाटी पुसली,
आणि हातोडी उचलली, कारण वीस माणसं उभी होती.

माघात, सातव्या मिनिटाला, ते फाटलं.
काठापासून बुडापर्यंत, चिंचेची शेंग उकलावी तसं.
लोकांना वाटलं, असंच असतं.
पुन्हा टाळ्या.
मामांनी चिरेवरून अंगठा फिरवला
आणि कितीतरी दिवसांनी हसले.
चार मिनिटं उरली होती. मी काहीच बोलले नाही.

पाचव्या थांब्याला काशिराम भोये मुखवटे मांडून बसतो,
पेठच्या पहिल्या एसटीनं आलेला.
त्यानं सगळं ऐकलं, उठला,
आळीत जाऊन मामांसमोर खुणेनं
स्वतःच्या चेहऱ्याभोवती एक वर्तुळ काढलं.
मामांनी कात्री काढली.

चैत्रात त्याच्या पाड्यावर बोहाडा होता.
तिथवर आमची वाट जात नाही, फलक नाही, बाण नाही.
मी छत्री घरी ठेवून गेले. मामाही आले,
जीपच्या मागच्या बाकावर, कामाच्या सदऱ्यात.
मध्यरात्र उलटल्यावर टेंभ्यांच्या उजेडात
एक मुखवटा डोलत आला,
कपाळावर तांब्याचा मुकुट,
आणि मठाराच्या दाण्यादाण्यात वेगळा जाळ.
कुणी किती मिनिटं बघायचं ते कुणी सांगितलं नाही.
एक पोरगी भिऊन आईच्या पदरात शिरली,
पुन्हा एक डोळा बाहेर काढला.
संबळ मामांपर्यंत पोचत नव्हता,
पण त्यांचा उजवा हात मांडीवर
ठोके टाकत होता. नेमके.

सोमवारी कार्यालयातून फोन आला:
वस्तू क्रमांक सतरा, घंगाळ, नोंदवहीत काय लिहायचं?
मोडीत? गहाळ?

लिहा, म्हटलं, वापरात.