एक विल पुरे

ग्रिम्सबीच्या ग्रंथालयात, वरच्या मजल्यावर
मंगळवारी साडेसहाला इंग्रजीचा वर्ग.
हीटरवर ओले हातमोजे.
मासळीच्या कारखान्यातून थेट आलेल्या बायका
खिडकीशी बसतात, ती किलकिली करून.

डोरीन ब्लँचर्ड फळ्यावर लिहिते:
व्हेन, इफ, अंटिल, बिफोर.
यांच्या मागून विल येत नाही, म्हणते.
बोलायचं उद्याचं, पण वर्तमानकाळात.
का?
का ते बंदराच्या कचेरीत तीस वर्षं
टाइप करूनही मला कळलं नाही.
वाक्यात एक विल पुरे.
दुसरं सांडतं.

ओस्तापने लिहिलं होतं:
युद्ध संपेल तेव्हा मी घरी जाईन.
दोन विल. तिने पहिलं खोडलं.
व्हेन द वॉर एंड्स.
तो त्या शेवटच्या एसकडे बघत राहिला.
'पण हे तर संपतंय असं झालं,' म्हणाला,
'संपत नाहीये ते.'
'व्याकरणात संपतं,' डोरीन बोलून गेली
आणि फळा पुसायला वळली,
पुसण्यासारखं काही नसताना.

सेमरेतची चूक उलटी.
व्हेन हब्तोम केम, आय विल कुक.
केमभोवती लाल गोल.
'केम म्हणजे आला. आला का तो?'
'नाही.'
ट्रिपोलीहून शेवटचा फोन
मागच्या जूनमधला.
'आमच्यात असंच म्हणतात,' ती पुटपुटली.
'आधी आला म्हणायचं. मग तो येतो.'

मागच्या बाकावर मी खुर्च्या मोजत होतो.
मला ती चूक ओळखीची वाटली.
ज्या भाषेत मी हे लिहितो आहे
तिच्यातही भात शिजला की बसायचं असतं,
पत्र आलं की कळवायचं,
उजाडलं की बघू.
न झालेल्याला झालेल्याचा सदरा चढवून
आम्ही उद्याकडे पाठवतो,
आणि कुणी लाल गोल करत नाही.
येईस्तोवर म्हटलं
तर काळसुद्धा लागत नाही,
नुसती वाट लागते. वाट बघायची वाट.

पुढच्या मंगळवारी पाच वाक्यं आणायची होती.
सेमरेतची चार अचूक:
बस कम्स, डॉक्टर कम्स,
होम ऑफिसचं पत्र कम्स, बर्फसुद्धा कम्स.
पाचवं:
आय डोन्ट नो व्हेन हब्तोम विल कम.

लाल पेन्सिल व्हेनवर टेकली,
विलपर्यंत सरकली,
थांबली.
'हे बरोबर आहे,' डोरीन म्हणाली. 'इथे विल राहतं.
माहीत नाही असं आधी कबूल केलं
की राहतं.'

ओस्तापने नियम उतरवून घेतला.
सेमरेतने पुन्हा विचारलं, नक्की? खोडणार नाही?
मग ओस्तापची पट्टी मागून घेतली,
विलखाली एक रेघ मारली,
आणि तळमजल्यावरून ग्रंथालयाचा माणूस
एकेक दिवा मालवत
वर येऊ लागला.