अर्धा डोस

सगळ्यात आधी तिला दिसलं.
साडीला फॉल लावता लावता
सुई तशीच हवेत धरून ती म्हणाली,
"ह्यांच्या अंगावर मीठ कुणी सांडलं?"

मी बघितलं. काच बघितली, पाणी बघितलं,
व्हॅलिस्नेरियाची लांब पाती,
लाकडाला दोऱ्यानं बांधलेला अनुबियास,
निऑनांची ती निळी रेघ.
मीठ दिसलं नाही.
उद्यमनगरात बावीस वर्षं लेथवर आहे मी,
दोन थाऊचा फरक अंगठ्यानं सांगतो,
आणि मीठ दिसलं नाही.

टॉर्च लावला, मग दिसलं.
शेपटीवर तीन, कल्ल्यामागं एक,
एंजलच्या परांवर तर रवा पेरल्यागत.
लोच दगडाला अंग घासत होता,
खाज सुटलेली, आणि हात नाहीत.

लक्ष्मीपुरीत बाबालाल मुजावरनं एवढंच विचारलं,
"नवीन काय घातलंस?"
मी गप्प.
साडूनं टाकी मोडली, त्याच्या दोन प्लॅटी
पिशवीतनं तशाच ओतल्या होत्या मी.
पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवायच्या असतात,
हे मीच गल्लीभर सांगत फिरतो.

"हिरवं औषध दे, पण निम्मंच," तो म्हणाला.
"लोचला पुरा डोस सोसायचा नाही.
मिठाच्या नादाला लागू नको, पाती विरघळतील.
फिल्टरमधला कोळसा काढ, नाहीतर औषध तोच पिईल.
पाणी तीस डिग्रीवर ने, हळूहळू. हवा वाढव.
आणि ध्यानात ठेव भावा,
अंगावर हाय तोवर त्याला काय होत नाही.
कातडीखाली घर करून बसलेलं असतंय.
आपसूक गळतंय, तळाला जातंय,
तिथं एकाचे शेकडो होतात
आणि नवं अंग हुडकत पोहाय लागतात.
तेवढ्यातच गाठायचं."

दुसऱ्या दिवशी दोन निऑन गेले, तिसऱ्या दिवशी दोन,
साडूची एक प्लॅटीही.
तुळशीत नको म्हणाली ती,
कढीपत्त्याच्या कुंडीत पुरले.
ड्रॉपरनं थेंब मोजताना
माझा आकडा चुकायचा,
ती मागनं मोठ्यानं मोजायची.

चौथ्या दिवशी सगळे लख्ख.
एंजल असा की आत्ताच पॉलिश करून काढलाय.
मी बाटलीला बूच लावत होतो.
"थांबा," ती म्हणाली, "गेलं कुठं ते?"
आम्ही दोघं खाली वाळूकडं बघत बसलो.
वाळूत काहीच नव्हतं.
काहीच दिसत नव्हतं, एवढंच म्हणता येईल.
बूच परत काढलं.

सोमवारी कारखाना बंद, आणि लाईट गेली.
हीटर गार, पंप मुका.
तिनं कपाटावरनं वाकळ ओढली
आणि टाकीला गुंडाळली, बाळंतिणीला गुंडाळावी तशी.
तिच्या जुन्या साड्यांची वाकळ,
मधे कुठंतरी माझ्या खाकी पँटचा गुडघा.
वरनं एक कोपरा उघडा ठेवून
मी स्टुलावर बसलो,
तांब्यानं पाणी उचलायचं, हातभर उंचीवरनं सोडायचं,
हवा मिसळावी म्हणून.
पावणेदोन तास.
शेजारचा धोंडीराम दारात येऊन म्हणाला,
"अभिषेक काय हो?"
ती हसली, मी हसलो नाही,
माझा खांदा भरून आला होता.

चौदा दिवस झाले.
अकरातले सात निऑन, एंजल, लोच, उरलेली एक प्लॅटी.
क्रिप्टोची पानं पार विरघळली,
बुंध्यापाशी एक तांबडं टोक आहे म्हणते ती,
मला अजून सापडलेलं नाही.

काल बुशिंगचं शेवटचं माप घ्यायचं होतं.
हाताखालच्या पोराला हाक मारली,
"सुदर्शन, व्हर्नियर तू वाच."
तो माझ्याकडं बघत राहिला.
मी बुशिंग पुसत होतो,
पुसलेलंच.