मुळाला हात लावू नये

ऑस्ट्रेलियात, पार आत, क्वॉर्न गावी
एल्फ्रीडा नोस्केने वाळवंटी वाटाणा लावायला घेतला.

बी म्हणजे खडाच.
काचकागदावर घासलं, उकळतं पाणी ओतलं,
सकाळी फुगलं तेवढं उचललं,
बाकीचं परत चहाच्या डब्यात.

मूळ हललं की हे रोप जातं.
म्हणून पाइपचे तुकडे उभे पुरले, वाळू भरली,
आणि मग, इथेच चुकलं,
रोज संध्याकाळी पाणी. विचारपूस.
बोटाने उकरून बघणं.
पाच वर्षं. चौतीस रोपं.
एकालाही फूल नाही.

वेंडेल म्हणायचा, अगं, त्याला जरा एकटं सोड.
तो जूनमध्ये गेला.
त्या वर्षी तिने काही पेरलं नाही.

सप्टेंबरात, फाटकाशी,
त्याच्या ट्रकच्या चाकांनी दाबलेल्या खडीतून
सरपटत आलं:
राखी, लवदार पानं,
आणि लाल, केवढं लाल,
मधोमध काळाभोर डोळा, ओला वाटावा असा.

बी कधी सांडलं? कुणाच्या हातून?

झारी घेऊन ती फाटकापर्यंत गेली.
उभी राहिली.
परत फिरली, आणि पाणी
कुत्र्याच्या ताटलीत ओतलं.